आगूदो: एक स्पॅनिश विशेषण आणि त्याची अनेक टोकं

दोलोर आगूदो, बोस आगूदा, आंगुलो आगूदो, मेन्ते आगूदा, पालाब्रा आगूदा. स्पॅनिश शिकायला घेतलेल्या माणसापुढे हे पाचही शब्दप्रयोग लवकरच येतात आणि पाचही ठिकाणी विशेषण एकच असतं: आगूदो. नाम स्त्रीलिंगी असेल तर त्याचं आगूदा होतं, एवढाच फरक. मराठीत मात्र आपण पहिल्याला म्हणू सणसणीत कळ, दुसऱ्याला बारीक आवाज, तिसऱ्याला लघुकोन, चौथ्याला कुशाग्र बुद्धी. पाचव्यासाठी रोजच्या मराठीत शब्दच नाही, कारण ती सोय मराठीला लागत नाही. त्याचं कारण पुढे येईल.

मोबाइलवरच्या भाषांतराला हे विचारलं तर बऱ्याचदा ‘तीव्र’ असं उत्तर येतं. तीव्र वेदना ठीक आहे. तीव्र कोन म्हणजे काय? आणि तीव्र शब्द? शिकणारा इथे गोंधळतो आणि पाच वेगळे अर्थ पाठ करायला बसतो. माझ्या मते हा रस्ता चुकीचा आहे. हे पाच अर्थ एकाच चित्रातून निघालेले आहेत. ते चित्र एकदा डोळ्यांसमोर आलं की पाठांतराची गरज राहत नाही. उलट ते चित्र सुटलं तर वैद्यकीय बातमीसुद्धा उलटी वाचली जाते, आणि तसं मराठीतही घडतं.

आधी उच्चार. जोर ‘गू’वर द्यायचा. ‘ग’ आणि ‘द’ दोन्ही इतके सैल उच्चारायचे की जीभ पुरती टेकायच्या आत पुढे सरकली पाहिजे.

## मुळाशी आहे सुई

लॅटिनमध्ये आकुस म्हणजे सुई. त्याच घरातलं क्रियापद आकुएरे, म्हणजे टोक काढणं, धार लावणं. ज्याला टोक काढलंय ते आकूतुस. या आकूतुसचा स्पेनमधल्या लोकांच्या तोंडी शतकानुशतकं वापर होत आगूदो झाला. दोन स्वरांच्या मधे सापडलेला ‘क’ मऊ होऊन ‘ग’ बनला आणि ‘त’चा ‘द’ झाला. हे या एकाच शब्दाच्या बाबतीत घडलं असंही नाही. आमीकुसचा आमीगो म्हणजे मित्र, वीताचा बीदा म्हणजे आयुष्य, कातेनाचा कादेना म्हणजे साखळी. सगळे याच वाटेने गेले.

ही वाट आपल्याला अनोळखी नाही. संस्कृतमधल्या ‘गच्छति’चं शौरसेनी प्राकृतात ‘गच्छदि’ झालं, तोच ‘त’चा ‘द’. मराठीची पूर्वज असलेली महाराष्ट्री प्राकृत तर त्याच्याही पुढे गेली. तिने तो ‘त’ गाळूनच टाकला आणि ‘गच्छइ’ केलं. दोन स्वरांमधलं व्यंजन झिजतं हा नियम तिकडेही आहे आणि इकडेही.

सुईच्या या घरातले बाकीचे शब्द पाहिले की आगूदोचं रूप आणखी स्पष्ट होतं. स्पॅनिशमध्ये सुई म्हणजे आगूखा. धार धरणारं पोलाद म्हणजे आसेरो. जिभेला चावणारं आम्ल म्हणजे आसिदो, आणि आंबट म्हणजे आग्रिओ. हे सगळे एकाच आदिम मुळाचे, ज्याचा अर्थ टोक किंवा धार. आपल्याकडे त्याच मुळाचा संस्कृत शब्द आहे ‘अश्रि’, म्हणजे धार, कड, कोपरा. चार कोपरे असलेलं ते चतुरश्र, आणि त्याचंच झिजून मराठीत ‘चौरस’ झालं. म्हणजे चौरस मीटर म्हणताना आपण आगूदोच्या एका लांबच्या भावंडाला हाक मारत असतो. मला ही नाती फार मोलाची वाटतात, कारण परक्या भाषेतला शब्द त्यामुळे एकदम घरातला होतो.

## चित्र एकच: थोड्या जागेत एकवटलेला जोर

अंगठ्याने कापडावर दाबलं तर कापड खोलगट होतं, बाकी काही होत नाही. तेवढ्याच जोराने सुई दाबली तर ती आरपार जाते. जोर वाढलेला नसतो, जागा कमी झालेली असते. शाळेत शिकलेली दाबाची व्याख्या हीच आहे: बल भागिले क्षेत्रफळ.

आगूदो हे विशेषण जिथे जिथे लागतं तिथे असंच काहीतरी थोडक्यात एकवटलेलं असतं, कधी जागेत, कधी वेळेत.

कोनाचं उदाहरण सगळ्यात सोपं. दोन रेषा एकमेकींकडे झुकत जाऊन निमुळतं टोक होतं, तो आंगुलो आगूदो, ९० अंशांपेक्षा कमी. मराठी पाठ्यपुस्तकाने इथे टोकाकडे न पाहता मापाकडे पाहिलं आणि ‘लघुकोन’ म्हटलं. स्पॅनिशने टोकाकडे पाहिलं. ९० अंशांहून मोठा तो ओब्तूसो, म्हणजे बोथट, आपला विशालकोन. तिन्ही कोन लघुकोन असतील त्या त्रिकोणाला मात्र स्पॅनिशमध्ये आकुतांगुलो म्हणतात. तिथे जुना ‘क’ आणि ‘त’ शाबूत आहे, कारण हा शब्द बाजारातून आलेला नाही, पंडितांनी लॅटिनमधून थेट उचलला आहे.

चव आणि वास यांनाही आगूदो लागतं, पण तो वापर आता मागे पडलेला. मिरचीचा तिखटपणा सांगायला स्पॅनिश माणूस पिकान्ते म्हणतो. आपण मात्र ‘तीक्ष्ण’वरून आलेला ‘तिखट’ थेट भाजीत टाकला, आणि वर तिखट कान, तिखट जीभ असंही म्हणतो.

## आवाज टोकदार कसा असेल?

ही शंका रास्त आहे. आवाजाला आकार नाही, मग टोक कुठून आलं?

अ‍ॅरिस्टॉटलला हाच प्रश्न पडला होता. त्याने सरळ लिहून ठेवलं की ध्वनीसाठी वापरले जाणारे ‘टोकदार’ आणि ‘जड’ हे शब्द स्पर्शाच्या जगातून उसने घेतलेले आहेत. त्याचं स्पष्टीकरण थोडक्यात असं: टोकदार ध्वनी थोड्या वेळात इंद्रियाला खूप हलवतो, जड ध्वनी पुष्कळ वेळ घेऊन थोडंच हलवतो. आजच्या भाषेत आपण याला कंपनसंख्या म्हणतो. एका सेकंदात जितकी जास्त कंपनं, तितका स्वर वरचा. वाद्यं जुळवताना ४४० कंपनांचा जो स्वर प्रमाण धरतात, त्याच्या वरच्या सप्तकात तोच स्वर ८८० होतो. तेवढ्याच वेळात दुप्पट कंपनं. कोनात जोर जागेत एकवटला होता, इथे तो वेळेत एकवटला.

स्पॅनिशमध्ये याचा विरुद्धार्थी शब्द ग्रावे, म्हणजे जड. हा ग्रावे आणि आपला ‘गुरू’ एकाच मुळाचे, लघु-गुरूमधला गुरू. स्पॅनिशभाषक देशातल्या म्युझिक सिस्टिमवर एका बटनाखाली ग्रावेस आणि दुसऱ्याखाली आगूदोस असं लिहिलेलं असतं. आपण ज्याला बेस आणि ट्रेबल म्हणतो तेच. गायकाबद्दल बोलतानाही आगूदोस हे सरळ नाम म्हणून येतं: अमक्याचे आगूदोस सुरेख लागतात, म्हणजे तारसप्तकातले स्वर. स्पेनमधल्या लास पाल्मासचा टेनर, म्हणजे वरच्या पट्टीत गाणारा पुरुष गायक, आल्फ्रेदो क्राउस याची ख्याती या वरच्या स्वरांसाठीही होती.

मग ‘उंच आवाज’ म्हणायला काय हरकत होती? हरकत आहे. स्पॅनिशमध्ये उंच म्हणजे आल्तो, पण ‘आल्तो बोल’ म्हणजे मोठ्याने बोल. मोठा आवाज आणि वरचा स्वर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आल्तो पहिल्या गोष्टीत अडकल्यामुळे दुसरीसाठी आगूदो कामी येतो. मराठीने हा गुंता तिसऱ्याच पद्धतीने सोडवला आहे. आपण आवाजाची जाडी मोजतो: जाड आवाज, बारीक आवाज. बारीक म्हणजे पुन्हा सुईच्या जवळच आलो.

इथे एक उदाहरण जवळून बघण्यासारखं आहे. स्पेनच्या वायव्येला गालिसिया प्रांतात ओउरेन्से नावाचा भाग आहे. चाकू-सुऱ्यांना धार लावणारे तिथून पिढ्यान्‌पिढ्या स्पेनभर आणि पुढे लॅटिन अमेरिकेत फिरत गेले. त्यांना आफिलादोर म्हणतात. सहाणेच्या चाकावर उडणाऱ्या ठिणग्यांवरून त्या भागाला ‘ठिणगीचा प्रदेश’ असंच नाव पडलं. हा आफिलादोर गल्लीत शिरला की आरोळी देत नाही. एकाला एक जोडलेल्या लहान-मोठ्या नळ्यांची छोटी बासरी ओठांवरून सर्रकन फिरवतो आणि स्वरांची एक लड वर चढून खाली येते. त्या शिट्टीला लोक आगूदो म्हणतात. त्याने धार लावलेल्या सुरीला मात्र नाही! सुरीसाठी रोजचा शब्द आहे आफिलादो. ज्या वस्तूवरून शब्द निघाला, त्या वस्तूवरच तो आता क्वचित बसतो. अगदीच टोकाविषयी बोलायचं तर पून्तिआगूदो म्हणतात, म्हणजे अणकुचीदार. आगूदो स्वतः पातं सोडून आवाज, वेदना, बुद्धी आणि व्याकरणात राहायला गेला.

## शब्दालाही टोक असतं

आता राहिलेली पाचवी गोष्ट, पालाब्रा आगूदा. ज्या शब्दाच्या शेवटच्या अवयवावर जोर येतो तो शब्द आगूदा. अवयव म्हणजे एका झटक्यात उच्चारला जाणारा शब्दाचा तुकडा, जसा का-फे मधला ‘फे’. काफे म्हणजे कॉफी. जोर ‘फे’वर, म्हणून तो आगूदा. शेवटून दुसऱ्यावर जोर असेल तर याना, तिसऱ्यावर असेल तर एस्द्रूखुला. गंमत अशी की आगूदो हा शब्द स्वतः याना आहे, कारण त्याचा जोर ‘गू’वर आहे, आणि एस्द्रूखुला हा शब्द मात्र स्वतःच एस्द्रूखुला आहे.

जोर कुठे द्यायचा याला इतकं महत्त्व का? मराठीत ‘पाणी’ म्हणताना ‘पा’वर जोर द्या की ‘णी’वर, ते पाणीच राहतं. ऐकायला थोडं विचित्र वाटेल, अर्थ बदलणार नाही. स्पॅनिशमध्ये अर्थ बदलतो. ‘तेर्मिनो’ हे तीन तुकडे घ्या. ‘तेर्’वर जोर दिला तर तो शब्द होतो ‘शेवट’ किंवा ‘संज्ञा’. ‘मि’वर दिला तर ‘मी संपवतो’. ‘नो’वर दिला तर ‘त्याने संपवलं’. ‘आब्लो’मध्ये ‘आ’वर जोर असेल तर मी बोलतो, ‘ब्लो’वर असेल तर तो किंवा ती बोलली. पापा म्हणताना पहिल्या ‘पा’वर जोर दिला तर बटाटा किंवा पोप, दुसऱ्यावर दिला तर बाबा.

म्हणून लिहिताना खूण लागते. स्वरावर डावीकडून उजवीकडे चढत जाणारी छोटी तिरकी रेघ. तिला स्पॅनिशमध्ये तिल्दे म्हणतात आणि तिचं शास्त्रीय नाव आहे आसेन्तो आगूदो. आगूदा शब्द स्वराने, ‘न’ने किंवा ‘स’ने संपत असेल तर शेवटच्या स्वरावर ती रेघ द्यायची. काफे, बोगोता, पेरू, कान्कून, खुलिआन, इन्ग्लेस या सगळ्यांवर ती आहे. इतर व्यंजनाने संपत असेल तर नाही. माद्रिद, नादाल, आल्काराज, गाब्रिएल हे सगळे आगूदा, सगळ्यांचा जोर शेवटी, पण एकावरही रेघ नाही. आपल्याकडच्या टेनिसच्या गप्पांत नडालचा जोर बरोबर शेवटी पडतो, हे जाता जाता सांगायला हवं.

असा अर्धामुर्धा नियम का केला? कारण स्वर, ‘न’ किंवा ‘स’ने संपणारे बहुतेक स्पॅनिश शब्द याना असतात. वाचणारा तसंच धरून चालतो. जिथे अपेक्षा मोडते तिथेच खूण द्यायची, बाकी पान मोकळं ठेवायचं. ही काटकसर मला फार शहाणपणाची वाटते.

“पण मेसेजमध्ये कोण रेघा देत बसतं?” असं स्पेनमधली मुलंही विचारतात, जसं आपल्याकडे ऱ्हस्व-दीर्घाबद्दल विचारतात. बहुतेक वेळा संदर्भाने भागतं, हे खरंच आहे. पण नोकरीच्या अर्जात ‘इन्ग्लेस’ या भाषेच्या नावावरची रेघ गाळली तर उरलेला शब्द ‘जांघा’ असा वाचला जातो. आपला ‘दिन’ आणि ‘दीन’ यांतला फरकही असाच एका वेलांटीचा.

जोराला टोक का म्हटलं, याचं उत्तर पुन्हा ग्रीकांकडे आहे. प्राचीन ग्रीकमध्ये जोर म्हणजे आवाज मोठा करणं नव्हतं, स्वर वर नेणं होतं. वर गेलेला स्वर टोकदार, खाली राहिलेला जड. रोमनांनी ही नावं लॅटिनमध्ये आणली आणि तिथून ती स्पॅनिशमध्ये आली. तोवर भाषेतलं स्वरांचं गाणं संपून नुसता जोर राहिला होता, नाव मात्र तेच राहिलं. म्हणूनच याना शब्दांना पर्यायी नाव ग्रावे असं आहे.

वैदिक संस्कृतात अगदी हीच व्यवस्था होती. पाणिनीची सूत्रं आहेत: उच्चैरुदात्तः, नीचैरनुदात्तः. वरचा तो उदात्त, खालचा तो अनुदात्त. ऋग्वेदाच्या पोथीत अक्षरांखाली आडव्या आणि वर उभ्या रेघा दिसतात त्या याच स्वरांच्या. युरोपीय पद्धतीने रोमन लिपीत वेद छापताना उदात्त दाखवायला अभ्यासक जी खूण वापरतात ती हीच चढती तिरकी रेघ, आसेन्तो आगूदो. मराठीने तो स्वरभेद वारशात घेतला नाही, म्हणून पालाब्रा आगूदाला रोजच्या मराठीत नाव सापडत नाही.

कवितेत तर हे टोक मोजणीतही येतं. स्पॅनिश छंदात ओळीतले अवयव मोजतात. ओळ आगूदा शब्दाने संपली तर मोजणीत एक वाढवायचा, एस्द्रूखुलाने संपली तर एक कमी करायचा. ‘या नो क्येरो कामिनार’, म्हणजे मला आता चालायचं नाही. या, नो, क्ये, रो, का, मि, नार: कानाला सात ऐकू येतात, छंदात ती आठांची ओळ. शेवटच्या जोरानंतर एक रिकामी जागा आहे असं धरलं जातं. संस्कृत वृत्तात चरणाच्या शेवटचा लघु गरजेप्रमाणे गुरू मानता येतो, ती सवलत आठवा.

## बुद्धीचं टोक आणि जिभेचं टोक

मेन्ते आगूदा समजायला मराठी माणसाला काहीच कष्ट नाहीत. कुश म्हणजे दर्भ, त्याचं अग्र म्हणजे टोक, आणि तसली बुद्धी ती कुशाग्र. चित्र जसंच्या तसं. डोळ्यांच्या तपासणीत स्पॅनिश डॉक्टर दृष्टीच्या तीक्ष्णतेला आगुदेसा बिसुआल म्हणतो. कान टवकारणं म्हणजे आगुसार एल ओईदो, कानाला टोक काढणं. आणि भूक माणसाला युक्त्या सुचवते या अर्थाची म्हणच आहे: भूक बुद्धीला धार लावते.

पण आगुदेसाला आणखी एक अर्थ आहे: हजरजबाबी, नेमकं, चमकदार वाक्य. सतराव्या शतकात स्पेनच्या आरागोन प्रांतातला जेझुइट, म्हणजे एका ख्रिस्ती धर्मसंघातला, लेखक बाल्तासार ग्रासिआन याने यावर एक अख्खा ग्रंथ लिहिला, ‘आगुदेसा इ आर्ते दे इन्खेनिओ’, १६४८. त्याचं म्हणणं असं की एरवी लांब लांब असलेल्या दोन गोष्टींमधलं नातं बुद्धीने पकडणं आणि ते बोलून दाखवणं म्हणजे आगुदेसा. यात नुसता विनोद नाही, जोडणी आहे. उदाहरणांसाठी तो वारंवार मार्शल या रोमन कवीकडे जातो. दोन-चार ओळींत डंख मारणारा हा कवी आरागोनमधल्याच बिल्बिलिसचा, ग्रासिआनच्या गावाजवळचा. थोडे शब्द आणि पुष्कळ अर्थ. सुई इथेही आहे.

## नेमका अर्थ कसा ओळखायचा?

समोर आगूदो आला की स्वतःला एकच विचारावं: इथे याच्या उलट काय असेल? सुरीच्या टोकाच्या उलट रोमो, म्हणजे बोथट. कोनाच्या आणि बुद्धीच्या उलट ओब्तूसो. आवाजाच्या उलट ग्रावे. शब्दाच्या बाबतीत याना. आणि आजाराच्या बाबतीत क्रोनिको, म्हणजे दीर्घकाळ चालणारा. विरुद्धार्थी शब्द सापडला की अर्थ सापडलाच.

जागेवरूनही अंदाज येतो. प्रकार सांगायचा असेल तर आगूदो नामाच्या मागून येतो: आंगुलो आगूदो, पालाब्रा आगूदा. बोलणाऱ्याला दाद द्यायची असेल तर तो पुढेही सरकतो: उना आगूदा ओब्सेर्बासिओन, म्हणजे मार्मिक निरीक्षण. कोनाला मात्र दाद देता येत नाही, त्यामुळे तिथे तो पुढे येत नाही.

## म्हणजे इंग्रजीतला ‘शार्प’च ना?

नाही, आणि ही समजूत आपल्या लोकांना हमखास अडचणीत आणते, कारण आपण स्पॅनिशकडे इंग्रजीच्या खिडकीतून बघतो. पाच वाजता शार्प म्हणजे एन पून्तो. शार्प फोटो नीतिदा. शार्प वळण कूर्बा सेर्रादा, म्हणजे बंद वळण. संगीतातला शार्प स्वर सोस्तेनीदो. षड्ज ‘दो’ धरला तर आपला तीव्र मध्यम म्हणजे फा सोस्तेनीदो. यातल्या कशालाही आगूदो चालत नाही.

गोव्याच्या वाचकांसाठी एक वेगळी सूचना. पोर्तुगीजमध्येही हेच विशेषण आहे, याच अर्थांनी. पण आग्वादचा किल्ला यातला नाही. ते नाव आग्वा, म्हणजे पाणी, यावरून आलं. जहाजं तिथल्या झऱ्यांचं गोडं पाणी भरून घेत. आणि पोर्तुगीजमध्ये चढत्या रेघेचं काम थोडं वेगळं आहे. ती जोरासोबत स्वर मोकळा उच्चारायचा हेही सांगते. ‘आव्हो’च्या ‘ओ’वर चढती रेघ असेल तर आजी, टोपीसारखी खूण असेल तर आजोबा.

## आजार आगूदो असतो तेव्हा

आता सगळ्यात महत्त्वाचं. वैद्यकात आगूदो म्हणजे गंभीर नव्हे. अचानक सुरू होणारं आणि थोड्या काळात वाढून निकालात निघणारं दुखणं ते आगूदो. साधी सर्दी आगूदो आहे. अपेंडिक्सला अचानक आलेली सूजही आगूदो आहे. पहिली आपोआप बरी होते, दुसरीला शस्त्रक्रिया लागू शकते. दोन्हीत समान आहे तो वेळ, धोका नव्हे. थोड्या वेळात खूप, असं अ‍ॅरिस्टॉटल ध्वनीबद्दल म्हणाला होता तेच इथे लागू होतं. उलट मधुमेह क्रोनिको असतो, आणि तो किती गंभीर होऊ शकतो हे कोणाला सांगायला नको.

बुएनोस आइरेसमधल्या मोठ्या सरकारी रुग्णालयांच्या नावांत होस्पिताल खेनेराल दे आगूदोस असे शब्द असतात. शब्दशः ‘टोकदारांचं रुग्णालय’. अर्थ असा की इथे अचानक आजारी पडलेल्यांवर उपचार होतात; वर्षानुवर्षं ठेवून घ्यायचे रुग्ण इथले नाहीत.

गंभीरपणा सांगायला स्पॅनिशमध्ये वेगळा शब्द आहे, आणि तो म्हणजे ग्रावे. २००३ मध्ये जगाला हादरवणाऱ्या सार्सचं स्पॅनिश नाव सिन्द्रोमे रेस्पिरातोरिओ आगूदो ग्रावे. ग्रावेऐवजी सेबेरो असंही बरेच जण लिहितात. २०२० मध्ये कोविडच्या विषाणूला जे अधिकृत नाव मिळालं त्यातही हेच सार्स आहे. संगीतात एकमेकांच्या विरुद्ध असलेले आगूदो आणि ग्रावे इथे शेजारी बसले आहेत आणि त्यात काही विसंगती नाही. एक सांगतो किती झटपट, दुसरा सांगतो किती जड.

मराठीत आपण या दोन्हींसाठी बहुधा ‘तीव्र’ वापरतो, आणि तिथे घोळ होतो. मेळघाट, नंदुरबार, पालघरच्या बातम्यांत ‘मध्यम तीव्र कुपोषित बालके’ असे शब्द येतात. वाचणाऱ्याला प्रश्न पडतो: मध्यम आणि तीव्र एकाच वेळी कसं? यातला ‘तीव्र’ म्हणजे आगूदो आहे, आणि ‘मध्यम’ हे त्याचं प्रमाण. स्पॅनिशमध्ये हेच देस्नुत्रिसिओन आगूदा मोदेरादा होतं आणि कोणी गोंधळत नाही. अंगणवाडीतल्या रोजच्या बोलण्यात हे इंग्रजी आद्याक्षरांवरून मॅम, आणि त्याहून वाईट अवस्था ती सॅम. सहा महिन्यांच्या पुढच्या आणि पाच वर्षांखालच्या मुलाच्या दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी भरला तर ते सॅम, ११.५ ते १२.५च्या दरम्यान असेल तर मॅम. आगूदा कुपोषण उंचीच्या मानाने वजनात दिसतं: मूल रोडावतं. क्रोनिका कुपोषण वयाच्या मानाने उंचीत दिसतं: मूल खुरटतं.

हा फरक किती मोठा आहे ते ग्वातेमालाकडे पाहिल्यावर कळतं. तिथे २०१४-१५च्या राष्ट्रीय पाहणीत पाच वर्षांखालची जवळपास निम्मी मुलं क्रोनिका कुपोषणाने खुरटलेली आढळली, आणि आगूदा कुपोषण मात्र शेकडा एकाहूनही कमी मुलांत. आगूदा म्हणजे गंभीर असं समजून कोणी ही आकडेवारी वाचली, तर त्याला वाटेल की ग्वातेमालात फारसं काही बिघडलेलं नाही. रोडावलेल्या मुलाचं वजन उपचारासाठी बनवलेल्या पोषक आहाराने काही आठवड्यांत भरून येऊ शकतं. खुंटलेली उंची दोन वर्षांच्या वयानंतर भरून काढणं फार अवघड असतं. तिथे काम आईच्या गरोदरपणापासूनच सुरू करावं लागतं.